आवाजांची वही

सर माझ्या स्वप्नात येतात तेव्हा नेहमी जिना चढत असतात. काखेत लांबोडी वही, गळ्यात स्टेथोस्कोप, पायात त्या झिजलेल्या चपला. मधल्या वळणावर ते थांबतात, मागे वळून मला काहीतरी विचारतात. ओठ हलताना दिसतात, आवाज मात्र येत नाही. मी "काय सर?" म्हणते आणि जागी होते. हे स्वप्न मला दुपारीच पडतं, ओपीडी संपल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो तेव्हा. मग थोडा वेळ कुठल्या वर्षात आहोत तेच कळत नाही.

स्वप्नात जिनाच का, त्याला कारण आहे. आमचं मेडिकल कॉलेज चांद्यात तेव्हा नवंकोरं होतं. कागदावर चंद्रपूर लिहायचं आणि तोंडानं चांदा म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. भिंतींना रंगाचा वास येत होता. कुठे कोणाची तसबीर नाही, कोनशिलेवरची अक्षरंसुद्धा अजून सोनेरी. सर तीस वर्षं एका मोठ्या शहरातल्या जुन्या कॉलेजात शिकवून, निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना आमच्याकडे आले, आणि तेही बदली मागून. लोक चांद्याहून बदली मागतात, चांद्याला कोणी मागत नाही. ऑफिसातल्या बाबूनं म्हणे त्यांना दोनदा विचारलं होतं, "सर, फॉर्म उलटा तं नाई भरला?"

येताना त्यांनी सामान फारसं आणलं नव्हतं, पण त्या जुन्या कॉलेजचा सगळा इतिहास बरोबर आणला होता. राउंड सुरू होण्याआधी व्हरांड्यात उभं करून ते आम्हाला तिथल्या गोष्टी सांगायचे. तिथे एक दगडी जिना होता, चढून चढून प्रत्येक पायरीला मधोमध खळगा पडलेला. पावसाचं पाणी त्या खळग्यात साचायचं आणि पोरं त्यात पाय बुडवून वॉर्डात जायची. तिथे एक लाकडी बाक होता, त्यावर सरांचे सर बसायचे, आणि त्या सरांच्या सरांनी असा नियम केला होता की तळहात एकमेकांवर घासून गरम केल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. हा नियम आम्हालाही लागू होता. चांद्याच्या मे महिन्यात, पारा सत्तेचाळीसवर असताना, आम्ही पंधरा जण हात चोळत उभे असायचो. पेशंटचे नातेवाईक आमच्याकडे काळजीनं बघायचे.

"कॉलेज सिमेंटनं होत नाही," सर म्हणायचे, "झिजल्यानं होतं." म्हणून आम्हाला लिफ्ट बंद. चार मजले दिवसातून सहा वेळा, आणि चढायचंही पायरीच्या मधोमध. आमच्या पायऱ्या ग्रॅनाइटच्या, त्या काय झिजणार होत्या? आमचे बूट मात्र झिजले.

सर मूळचे सिरोंच्याचे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, मग तीस वर्षं शहर. त्यामुळे त्यांच्या बोलण्याची खिचडी झाली होती. पेशंट बाई कुठल्याही वयाची असो, तिला ते अम्मा म्हणत. आम्हाला नावानं कधीच हाक मारली नाही. ज्याला त्याला गावाच्या नावानं. "ए पुणे, पडदा ओढ." "लातूर, झोपलास काय?" मी वडशाजवळच्या एका खेड्यातली, म्हणून मी वडसा. रागावले की ते एकदम अदबीनं बोलत. "आपण बसा," असं म्हणाले की समजायचं, आपलं काही खरं नाही.

आता त्या वहीबद्दल.

सरांची शिकवायची पद्धत अशी होती. ते पेशंटपाशी बसत, स्टेथोस्कोप त्याच्या छातीवर ठेवत, डोळे मिटत. चांगला मिनिटभर तसेच राहत. मग कानातल्या नळ्या काढून आमच्यातल्या एकाच्या कानात घालत आणि विचारत, "काय ऐकू येतं? नाव नको सांगू. आवाज सांग." मर्मर, क्रेप्स, ऱ्हॉन्काय, हे डॉक्टरी शब्द त्यांच्यासमोर पहिल्या फटक्यात काढायला बंदी. "ती नावं पुस्तकाची आहेत. तुझ्या गावात असा आवाज कुठं होतो ते सांग." आम्ही सांगायचो, आणि सर ते वहीत लिहायचे. लांबोडी, लाल पुठ्ठ्याची वही, तीन रकाने आखलेले. पहिल्यात पेशंटचं गाव, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात आजार. आमच्या तोंडून जसं निघेल तसं, जसंच्या तसं. आम्ही बोलताना ते आमच्या तोंडाकडे असं टक लावून बघत की आम्हाला संकोच व्हायचा.

त्या वहीत काय काय होतं. दम्याच्या छातीला लातूरनं लिहवून घेतलं होतं, "एसटीच्या खिडकीच्या फटीतून वारा." पुण्याच्या मुलीनं हृदयाच्या एका झडपेच्या आवाजाला सांगितलं होतं, "प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधीचं." मला पहिल्यांदा न्यूमोनियाची छाती ऐकायला दिली तेव्हा मी फार मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "सर, वाळल्या पानावरून कोनी हळूच चालून राह्यलं."

सगळे हसले. छातीतल्या आवाजाला नाही, 'चालून राह्यलं'ला. दुष्टपणानं नाही हसले, पण हसले. रात्री मेसमध्ये पुण्याच्या मुलीनं माझी नक्कल केली, ती चांगली जमली होती, आणि मीही हसले. हसता हसता मी मनात ठरवून टाकलं की आता यापुढे गावातलं काही बोलायचं नाही. बारावीपर्यंत मी आमच्या झाडीपट्टीतल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांमध्ये सगळ्यांत पुढे बसून मोठ्यानं दाद देणारी पोर होते. पण तिथून पुढे माझं उत्तर एकच, आणि तेही इंग्रजीत. आवाज असला की "क्रेप्स, सर." नसला की "नॉर्मल, सर." सर क्षणभर थांबायचे, वाट बघायचे, मग पुढच्याकडे वळायचे. वहीत माझ्या वाट्याचे रकाने रिकामे राहू लागले.

एप्रिलमध्ये वॉर्डात मोहर्लीच्या बाजूची एक बाई आली. वय असेल तेवीस, पाचवा महिना. मलेरियाचा ताप होता. नवरा जंगलात जिप्सी चालवायचा, पर्यटकांना वाघ दाखवायचा, त्यामुळे तो दिवसभर नसायचाच. सासू तिच्या उशाशी बसून असायची. चार दिवसांत ताप उतरला. रक्त कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. दम लागतो म्हणाली, पण रक्त कमी असलं की दम लागतोच. रेसिडेंट डॉक्टरांनी तिला पाठीवर झोपवून तपासलं, हृदय ठीक लिहिलं आणि सुट्टीचा कागद तयार केला.

सर तिच्या खाटेपाशी थांबले. तिच्याकडे नाही, मागच्या भिंतीकडे बघत होते. पांढऱ्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला तेलाचा डाग पडला होता.

"ही अम्मा भिंतीला टेकून झोपते. काऊन?" त्यांनी आम्हाला विचारलं. मग त्यांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोप ठेवला, डोळे मिटले, आणि नेहमीप्रमाणे नळ्या माझ्या कानात घातल्या. "वडसा. नीट ऐक."

मी ऐकलं.

आमच्या घराच्या अंगणातून वैनगंगा दिसत नाही, पण जवळच आहे. दुपारी सगळं गाव झोपलं की नदीपलीकडची राईस मिल ऐकू यायची. खरं तर ऐकू यायची असं म्हणता येणार नाही. खाटेवर कान टेकून पडलं की खाटेच्या लाकडातून ती कळायची. घुर्रर्र, खोल, एकसारखी. आई म्हणायची, कुठी मिल, कायची मिल, झोप तू. त्या बाईच्या छातीत तीच मिल चालू होती. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत.

"काय ऐकू येतं?" सरांनी विचारलं. मी वर बघितलं. पंधरा चेहरे होते, आणि पुण्याची मुलगी आत्तापासूनच ओठ दाबून उभी होती. मला वाटलं, सरांनी तर ऐकलंच आहे. आत्ता तेच सांगतील. मी कशाला हसं करून घेऊ?

"नॉर्मल, सर," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग वही उघडली, तीत काहीतरी लिहिलं, आणि सुट्टीच्या कागदावर सही केली. दुपारच्या बसनं बाई गेली.

सर काही बोलले का नाहीत, हे कोडं सुटेना. संध्याकाळी त्यांच्या खोलीपाशी गेले. ते दाराकडे पाठ करून खिडकीपाशी उभे होते. मी "सर" म्हणाले. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हणाले. इतक्यात मागे व्हरांड्यात वॉर्डातल्या मावशींच्या हातून इंजेक्शनचा स्टीलचा ट्रे पडला, सगळा मजला दणाणला, मी दचकून भिंतीला धडकले. सर हलले नाहीत. ते शांतपणे खिडकीबाहेर बघत होते. मग कपाटाच्या काचेत त्यांना मी दिसले असणार, कारण ते वळले आणि म्हणाले, "अरे, वडसा. कधी आलीस?"

तेव्हा मला सगळं कळलं. ते टक लावून बघणं, ती वही, नावं नको आवाज सांग. मी रडायला लागले. रडत रडतच सांगितलं की त्या बाईचा आवाज नॉर्मल नव्हता. ते माझे ओठ वाचत होते, आणि रडताना ओठ वाकडे होतात, म्हणून मला दोनदा सांगावं लागलं.

सर खुर्चीत बसले. "साधं बोलणं समोरून कळतं थोडंफार," ते म्हणाले. "पण स्टेथोत दोन वर्षं झाली, मला काही ऐकू येत नाही. डीनना माहीत आहे. रेसिडेंट तपासतात, म्हणून काम चालतं. तुम्हा पोरांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही माझी कीव केली असती आणि ऐकलं नसतं." मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. शेवटच्या ओळीत गावाचं नाव होतं, आणि आवाजाच्या रकान्यात त्यांच्या सुबक अक्षरात 'नॉर्मल'. साऱ्या वहीत त्या रकान्यात तो एकच शब्द पुस्तकातला होता.

"मी तुझ्या कानावर सही केली, पोरी," सर म्हणाले. ते रागावले असते, आपण बसा म्हणाले असते, तर मला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं आम्ही दोघं मोहर्लीच्या रस्त्याला लागलो. कागदावरचा फोन नवऱ्याचा होता, आणि जंगलात गेल्यावर तो लागत नव्हता. बसमध्ये सर खिडकीशी बसले होते. पाचवा महिना, आणि त्या घुर्रर्रचा अर्थ हृदयातली अरुंद झालेली झडप. आता पोट वाढेल तसा तिच्या हृदयावर ताण वाढणार, आणि एखाद्या दिवशी फुप्फुसात पाणी भरणार. ते त्या रानातल्या घरात भरलं तर संपलंच. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत मला त्याचे पूर्ण मार्क मिळाले असते.

ती घरी नव्हतीच. मोहाचे दिवस. सगळं गाव पहाटेपासून झाडांखाली होतं. सासूनं दुरूनच बोट दाखवलं. गावामागे रानाच्या कडेला मोहाची सात-आठ झाडं होती, खालची जमीन झाडून लख्ख केलेली, आणि तिच्यावर पिवळट फुलांचा सडा. ऊन अजून कोवळं होतं. हवेला तो गोड, जड, थोडा आंबलेला वास. बाया वाकून वेचत होत्या, एकमेकींना मोठ्यानं हाका मारत होत्या, म्हणजे वाघ लांब राहावा. आमची बाई त्यांच्यात होती. सरांनी माझा हात धरून मला थांबवलं.

"बघ फक्त," ते म्हणाले.

ती दहा-बारा फुलं वेचायची आणि बसायची. टोपली उचलून चार पावलं चालायची आणि बसायची. बसल्यावर तोंड वर करून श्वास घ्यायची, आणि कोणी बघतंय असं वाटलं की लगेच वेचल्यासारखं करायची. आम्ही बराच वेळ उभे होतो. वरून एकेक फूल गळत होतं. मला ते सगळं स्वप्नातल्यासारखं वाटायला लागलं, इतकं शांत, इतकं पिवळं.

"फूल पडलं की आवाज होतो ना?" सरांनी अचानक विचारलं. "लहानपणी ऐकलाय. आता आठवत नाही. कसा असतो?"

मी कान दिला. मग त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले, "आंघोळ करून आलेल्या मानसाच्या केसातून थेंब पडून राह्यला, तसा."

सर हसले. किती दिवसांनी मी त्यांच्याशी माझ्या भाषेत बोलले होते, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

बाईनं आम्हाला बघितलं आणि घाबरून उभी राहिली. "काऊन आले जी डॉक्टरभाऊ? मी तं बरी हावो. ताप गेला न."

"दम लागते का?" मी विचारलं.

"तो तं लागनच. वझं हाये न पोटाले."

"रातच्याले झोपते का आडवी?"

तिनं आमच्या मागून आलेल्या सासूकडे बघितलं. "नाई. बसूनच झोपतो. आडवं झालं का पान्यात बुडल्यावानी होते. कोनाले सांगाव? सारेच म्हनतात, पयलं पोर हाये, होते तसं."

तिथेच, मोहाच्या खाली, सासूचं जुनं लुगडं अंथरून मी तिला डाव्या कुशीवर झोपवलं. तळहात घासून गरम केले. मिल चालूच होती. या खेपेला मी सगळं सांगितलं, नदी, दुपार, खाटेचं लाकूड, आईचं झोप म्हणणं. सर माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि वहीत 'नॉर्मल'च्या खाली लिहिलं. वरचा शब्द मात्र खोडला नाही. पुढे अनेकदा मी त्यांना विनवलं, सर, तेवढं खोडा. ते म्हणायचे, "राहू दे. तो पण आवाजच आहे. तुझा."

सासू कुरकुरली. "मोहाचे चार दिवस राह्यले, मंग आनतो न तिले." सर तिच्यापुढे जमिनीवर बसले. "अम्मा, मोह पुढच्या सालीही पडेल. सून नाही पडणार झाडावरून." सासूनं थोडा वेळ विचार केला आणि टोपल्या उचलल्या. दुपारच्या बसनं आम्ही पोटातलं धरून पाच जण परत आलो, मोहाच्या दोन टोपल्या वेगळ्या. तिच्या त्या झडपेतून फुगा घालून ती रुंद केली, पावसाळ्यात मुलगी झाली. मुलीच्या छातीला मी कान लावला तेव्हा वहीत काय लिहवून घ्यावं सुचेना. नुसतं 'फूल' म्हणाले. सरांनी तेही लिहिलं.

सर निवृत्त होऊन सिरोंच्याला गेले. मी शिकले, फिरले, आणि आता त्याच कॉलेजात शिकवते. पोरांना लिफ्ट बंद आहे. ग्रॅनाइट अजून झिजला नाही, पण मधल्या वळणावरच्या पायरीची चकाकी गेली आहे, असं मला वाटतं. बाकी कोणाला वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात सरांच्या बहिणीचा, अक्कांचा फोन आला. सर दोनदा चक्कर येऊन पडले होते. गावातल्या डॉक्टरांनी चांद्याला जाऊन हृदयाचा इको करायला सांगितलं, तर म्हणाले, जाणार नाही. "तुमचं नाव घेतात," अक्का म्हणाल्या. "म्हनतात, वडशाला बोलवा, ती सांगंल."

मी गेले. घर प्राणहितेच्या काठाला, ओसरीवरून पाणी दिसणारं. सर खूप वाळले होते. आता त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं, नजरही अधू झालेली, त्यामुळे ओठही नीट दिसत नव्हते. शेजारी लाल पुठ्ठ्याची वही होती, पार खिळखिळी झालेली. त्यांनी काही न बोलता सदरा वर केला, माझ्याकडे बघितलं आणि वही उघडून मांडीवर घेतली. नव्या ओळीत पहिल्या रकान्यात लिहिलं, सिरोंचा. मग पेन माझ्या हातात दिलं.

मी तळहात घासले. अक्कांना नवल वाटलं असेल. मग स्टेथोस्कोप ठेवला. छातीवर, मग वर, मग मानेपाशी. सगळीकडे तेच. पुस्तकातलं त्याचं नाव मला माहीत होतं, आणि चक्कर यायला लागल्यावर झडप बदलली नाही तर किती दिवस मिळतात तेही. सर माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात पेन होतं, आणि मला खरंच वाटलं की लिहून टाकावं 'नॉर्मल'. म्हातारा माणूस, समोर नदी, सुखानं बसला आहे. त्यांना कसलं भरती करायचं नि कापायचं? इतकी माया मला त्या एका शब्दाबद्दल पूर्वी कधी वाटली नव्हती.

मी वहीची मागची पानं चाळली. तो शब्द तिथेच होता, न खोडलेला.

मग मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागवान चिरून राह्यले. करवत मधातच अडकते, मंग जोर लावाव लागते.'

सरांनी वही डोळ्यांशी नेली. अक्षर अन् अक्षर वाचलं. पाण्याकडे बघत बसले. माझ्या छातीत काय चाललं होतं ते कोणीही बिननळीचं ऐकू शकलं असतं.

"सागवानच ना?" अखेर ते म्हणाले. कान गेलेली माणसं बोलतात तसं, फार मोठ्यानं. "का आंबा? ते लाकूड मऊ. नीट ऐक पुन्हा."

मी पुन्हा ऐकलं. नीट, मिनिटभर, डोळे मिटून. मग खाली लिहिलं, 'सागवान.'

सर हसले. वही मिटून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली, ती परत घेतली नाही. आणि आतल्या दाराकडे तोंड करून नदीपलीकडे जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "अक्का, माझी पिशवी भर. पोरगी खरं बोलली. उद्या चांद्याला जायचं आहे."